कामट्या, छत्री आणि जुने मासिक

‘अस्थिभंग झाल्यास मोडलेला भाग हलू देऊ नये, त्यास फळीचा आधार द्यावा व रुग्णास डॉक्टरांकडे न्यावे.’ अशा अर्थाचे उत्तर मी शाळेत असताना पाठ केले होते. परीक्षेत त्याला दोन गुण होते आणि ते मला मिळालेही. परंतु ही फळी आणायची कोठून, ती किती लांब असावी, कशाने बांधावी आणि बांधून झाल्यावर काय पाहावे, यांपैकी एकही गोष्ट त्या उत्तरात नव्हती. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा फार उशीर झाला होता. प्रस्तुत लेख त्या उशिराविषयी आहे, असे म्हटले तरी चालेल.

माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. मे अखेरचे दिवस. आमच्या परसात जांभळीचे झाड आहे. जांभळीची फांदी दगाबाज, ती न सांगता मोडते, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असते. तरी पोरे चढतातच. माझा धाकटा भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो पडला आणि उठून बसला, तेव्हा त्याचा उजवा हात मनगट व कोपर यांच्या मध्ये जिथे वाकायला नको तिथे वाकलेला होता. बाबा परगावी, आई घाबरलेली. मी पुढे झालो. कुंपणाच्या दोन कामट्या तोडल्या, हाताच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि सुतळीने चार ठिकाणी करकचून बांधल्या. त्यांतली एक गाठ तर नेमकी मोडलेल्या जागेवरच होती. कामटी आणि कातडी यांच्यामध्ये काहीही घातले नाही. घट्ट बांधले म्हणजे चांगले बांधले, एवढीच माझी समज. शेजारचे आजोबा म्हणाले, “शाब्बास! शिकलेला पोरगा आहे.” मला त्याचा अभिमान वाटला, हेही लपवीत नाही.

तालुक्याला जाणारी गाडी दुपारी तीनची. अकरापासून आम्ही वाट पाहत बसलो. तासाभरात भाऊ रडू लागला, “दादा, आवळतंय.” मी म्हणालो, “हाड मोडल्यावर दुखणारच. जरा दम धर.” पुढे म्हणाला, “बोटांना मुंग्या आल्यात.” त्यानंतर मात्र तो बोटांविषयी काही बोलेनासा झाला आणि मला वाटले, चला, थोडा आराम पडला. आराम पडला नव्हता; बोटे बधिर झाली होती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी नाव-गाव विचारण्याआधी कात्रीने सुतळी कापली. तेथून आम्हांस मोठ्या रुग्णालयात धाडण्यात आले. रात्री शस्त्रक्रिया झाली, हाताची कातडी व तिच्याखालचे आवरण उभे चिरून आतला दाब मोकळा करावा लागला. हात वाचला. हाड जुळले. मधले बोट आणि अनामिका ही दोन बोटे मात्र मनगट सरळ ठेवले की पूर्ण उघडत नाहीत. तो आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज शिकत होता. आता तो टाळ वाजवतो.

हे का घडले, ते मी नंतर समजून घेतले. आपल्या हाताचे व पायाचे स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बसविलेले असतात. हे पडदे फारसे ताणले जात नाहीत. हाड मोडले की आत रक्त साचते, सूज येते आणि कप्प्यातला दाब वाढू लागतो. बाहेरून घट्ट बंधन असेल तर सुजेला पसरायला उरलीसुरली जागाही मिळत नाही. मग बारीक रक्तवाहिन्या दबतात, स्नायूंना व मज्जातंतूंना रक्त मिळेनासे होते. अशी अवस्था सहा तासांच्या आसपास टिकली तर स्नायूंची कायमची हानी होण्याची मोठी भीती असते. मेलेल्या स्नायूच्या जागी आखडलेला तंतुमय भाग येतो व बोटे आत ओढली जातात. जर्मन शस्त्रवैद्य रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये, हात फार घट्ट बांधल्याने येणाऱ्या अशा आखडण्याचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. घट्ट पट्टी हे त्याचे एकमेव कारण नव्हे. पट्टी नसतानाही, विशेषतः मुलांच्या कोपरालगतचे हाड मोडले असता, हा प्रकार होऊ शकतो. पण पट्टीचा दोष टाळणे आपल्या हाती असते. त्याची पहिली खूण वेदना हीच असते, आणि ती हाड मोडल्याच्या मानाने फार जास्त, वाढत जाणारी, बोट हळूच सरळ करू गेल्यास असह्य होणारी असते. माझा भाऊ ती खूण मला तासाभरातच सांगत होता.

मी कला शाखेचा विद्यार्थी. संस्कृत हा माझा दुसरा विषय. त्यामुळे सुश्रुतसंहितेतील चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय जेव्हा वाचला, तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. हा अध्याय भग्नचिकित्सेचा, म्हणजे मोडलेल्या हाडांच्या उपचाराचा आहे. फळीसाठी तेथे ‘कुशा’ असा शब्द आहे आणि ती कशाची करावी याची यादीच दिली आहे : मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली, तसेच बांबू, सर्ज व वड. म्हणजे माझ्या कामट्या चुकीच्या नव्हत्या. पण पुढेच सांगितले आहे की बंधन सैल राहिले तर सांध्याला स्थैर्य येत नाही. फार घट्ट झाले तर कातडीला सूज येते, वेदना होते व पू धरतो. म्हणून जाणकार मध्यम बंधनाची प्रशंसा करतात. बंधन किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे, तेही ऋतुपरत्वे दिले आहे : थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण दिवसांत पाच, तर उन्हाळ्यात तीन. ते काही प्रथमोपचाराचे नियम नव्हेत, पूर्ण उपचाराचे आहेत, आणि आज कोणी त्यानुसार घरी हाड बसवू नये. पण बांधलेले पुन्हा उघडून पाहायचे असते, ही जाणीव त्यात आहे. आमच्याकडे कुंपणाची कामटी तेवढी उरली होती, ही जाणीव उरली नव्हती.

हाडवैद्यांविषयी आपण सुशिक्षित मंडळी तुच्छतेने बोलतो. तेही सर्वस्वी बरोबर नाही. इंग्लंडातील लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हे वेल्समधील अँग्लसी बेटावरून आलेल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. वडिलांनी मुलांना रीतसर वैद्यकाचे शिक्षण दिले. ह्यूने पायासाठी लोखंडी सळ्यांची एक चौकट तयार केली. तीच थॉमस स्प्लिंट. त्यांच्या हयातीत तिचे फारसे कौतुक झाले नाही. पुढे त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहाने पहिल्या महायुद्धात ती सर्रास वापरात आली, आणि मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांच्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. घराण्यातला हात आणि पुस्तकातली विद्या एकत्र आल्यावर काय होते, त्याचे हे उदाहरण. घट्ट बांधून बोटे काळी पाडणारा हाडवैद्य आणि घट्ट बांधून बोटे वाकडी करणारा बारावी पास तरुण यांत मात्र मला फार फरक दिसत नाही.

आता वस्तूंकडे वळू. इंग्रजीतला स्प्लिंट हाच शब्द दवाखान्यांत रूढ आहे. मी येथे साधेपणाने ‘आधारफळी’ म्हणतो. ती लाकडाचीच हवी असे नाही. ती ताठ असावी, पुरेशी लांब असावी आणि अंगाला टोचू नये, एवढेच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्गात आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सर्वांना सांगितले, “दहा मिनिटांत या इमारतीत जे सापडेल ते घेऊन या.” आम्ही जे आणले ते पाहण्यासारखे होते. ग्रंथालयातून पुठ्ठ्याचे खोके, जिमखान्यातून क्रिकेटचे दोन स्टंप, शिपाईकाकांची लांब दांड्याची काळी छत्री, झाडूचा दांडा, लाकडी फूटपट्टी, बसण्याची चटई, कोणाचा तरी डबा ठेवायचा दप्तर, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून लाटणे. लाटणे सरांनी हसत परत पाठवले. ते गोल असल्याने घरंगळते आणि आखूडही पडते. आजकालची घडीची छत्रीही कुचकामाची. दांड्याची जुनी छत्री मात्र पायाला चांगली उपयोगी पडते. पुठ्ठ्याचे खोके सर्वांत गुणी ठरले. ते कापता येते, मुडपून पन्हळीसारखे करता येते, हलके असते आणि कोणत्याही किराणा दुकानात मिळते.

मुडपण्यावरून आठवले. अमेरिकेतील चार्ल्स आणि रे ईम्स या कलावंत दांपत्याने दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तेथील नौदलासाठी प्लायवुडला बाक देऊन पायाच्या आकाराची आधारफळी घडवली व तिच्या सुमारे दीड लाख प्रती निघाल्या. पुढे हेच दांपत्य भारतात आले, १९५८ मध्ये त्यांनी भारत सरकारला एक अहवाल दिला आणि त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची तोंडभरून स्तुती केली आहे. कला शाखेच्या मुलांनी प्रथमोपचारात कशाला लुडबुड करावी, असे विचारणाऱ्या माझ्या विज्ञान शाखेतील मित्रांसाठी ही माहिती येथे मुद्दाम दिली.

पण सरांच्या टेबलावर सर्वांत यशस्वी ठरली ती गेल्या वर्षीच्या वार्षिक अंकाची प्रत. शे-सव्वाशे पानांचा हा अंक लांबीच्या बाजूने वळवून पन्हळ करावी आणि तिच्यात हात ठेवावा. मनगटापासून कोपरापर्यंतच्या मोडलेल्या हाताला याहून सुबक आधार सहसा मिळणार नाही. (संपादक मंडळाने याचा राग मानू नये. अंक घरोघरी जपून ठेवला जावा, हीच त्यामागील भावना आहे.)

बांधण्यासाठी सुतळी, दोरी, तार किंवा बुटाची नाडी वापरू नये. ती बारीक असल्याने एका रेषेत रुतते. रुंद घडीची कापडी पट्टी हवी, चार बोटे तरी रुंद. पंचा, उपरणे, ओढणी, जुन्या साडीच्या पट्ट्या, काहीही चालते. गावाकडे कोणाच्या डोक्याला फेटा असेल तर प्रश्नच मिटला. एका फेट्यातून संपूर्ण पाय बांधून पुन्हा हाताच्या झोळीपुरते कापड उरते.

बांधण्याआधीची कामे विसरू नयेत. अपघाताची जागा धोक्याची नाही ना, माणूस शुद्धीवर आहे ना, श्वास चालू आहे ना, कोठून रक्त वाहते आहे का, हे प्रथम पाहावे. मोडलेला हात कोणाला मारीत नाही, वाहते रक्त मारते. हाड बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. जखमेवर स्वच्छ कापड ठेवावे व रक्तासाठी दाब द्यायचा तो हाडाच्या कडेने द्यावा. मान किंवा पाठीच्या कण्याला मार लागल्याची शंका असेल तर माणसाला हलवूच नये. आणि लगेच १०८ क्रमांकास फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. रुग्णवाहिका थोड्या वेळात येणार असेल तर फळी बांधण्याची हौसही करू नये. दुखावलेला भाग आहे त्या स्थितीत हातांनी किंवा उशीने धरून ठेवणे, हेच तेव्हा उत्तम. आधारफळीची खरी गरज पडते ती मदत दूर असते तेव्हा, गडावर, शिवारात, वाडीवर, किंवा माणसाला आपणच हलवायचे असते तेव्हा.

दुसरे काम दागिन्यांचे. अंगठी, बांगड्या, हातातला कडा, पायात पैंजण व जोडवी ही सूज चढण्याआधीच काढून घ्यावीत. अर्ध्या तासाने ती निघत नाहीत. आपल्याकडे हिरव्या बांगड्या वा जोडवी काढायला घरच्या वडीलधाऱ्या बायका कचरतात, हे मी शिबिरात पाहिले आहे. त्यांच्याशी वाद घालू नये. “डॉक्टर काढायला लावतीलच, आणि तेव्हा कापावी लागतील,” असे नम्रपणे सांगितले की बहुधा ऐकतात.

आता मूळ नियम. हाड मोडले असेल तर त्याच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर व्हायला हवेत. नुसत्या मोडलेल्या जागेपुरती फळी म्हणजे दाराला एकच बिजागरी. फळीची लांबी मोजावी ती धडक्या हातावर किंवा पायावर, दुखऱ्यावर नव्हे. वाकडा झालेला भाग ओढून सरळ करू नये, तो ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीला फळी जुळवून घ्यावी. फळी आणि अंग यांच्यामध्ये मऊ कापडाची गादी घालावी. मनगट, घोटा, गुडघा अशा हाडाच्या उंचवट्यांवर थोडी अधिक आणि खोलगट जागी पोकळी भरण्यापुरती. पट्ट्या मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली बांधाव्यात, त्या जागेवर कधीच नाही. गाठ फळीवर यावी, अंगावर येऊ नये.

हात मोडला असता अंकाच्या पन्हळीत तो ठेवताना तळहाताखाली रुमालाची गुंडाळी द्यावी, म्हणजे बोटे सहज अर्धवट मिटलेली राहतात. बोटांची टोके उघडी हवीत. मग कोपर काटकोनात वाकवून हात झोळीत घ्यावा. ही झोळीच कोपराचा सांधा स्थिर करते. पंजा कोपरापेक्षा किंचित वर असावा. झोळीची गाठ मानेच्या मणक्यावर न येता बाजूला असावी. झोळीला कापड नसेल तर सदऱ्याचा खालचा घेर उलटा वर दुमडून छातीशी पिनांनी टाचला तरी भागते. कोपर वाकवताना फार दुखत असेल तर ते वाकवू नये. हात आहे तसाच सरळ, अंगाच्या कडेला धरून बांधावा. बोट मोडले तर त्याला शेजारच्या बोटाचा आधार द्यावा, मध्ये कापडाची चिंधी घालून.

घोट्याला उशी पुरते. पाऊल व घोटा उशीत ठेवून तिच्या दोन्ही कडा वर ओढून बांधायच्या. गोधडीची घडीही हेच काम करते. नडगीचे हाड मोडले तर गुडघ्याच्या वरपासून टाचेच्या पुढपर्यंत दोन्ही बाजूंना आधार लागतो. आणि काहीच मिळाले नाही तर? धडका पाय ही सर्वांत जवळची आधारफळी आहे. दोन पायांमध्ये घोंगडी किंवा दुमडलेले कपडे घालावेत आणि धडका पाय हळूच दुखऱ्या पायाकडे न्यावा. याउलट करू नये. नवशिके नेमके याउलट करतात. पट्ट्या पायाखालून सरकवायच्या त्या गुडघ्याच्या व घोट्याच्या मागच्या पोकळीतून, म्हणजे पाय उचलावा लागत नाही.

मांडीचे हाड हा वेगळा मामला. तेथे कातडी न फाटताही आतल्या आत लिटरभर वा त्याहून अधिक रक्त साचू शकते. माणूस फिका पडतो, घाम सुटतो, नाडी जलद व क्षीण होते. अशा वेळी फळीच्या खटाटोपापेक्षा त्याला आडवे, उबदार व स्थिर ठेवणे आणि मदत लवकर आणणे महत्त्वाचे. हलवणे अटळच असेल तर काखेपासून टाचेपर्यंत लांब फळी बाहेरून लावून दोन्ही पाय एकत्र बांधावेत. आपल्याकडे अपघातग्रस्ताला पाणी, चहा पाजण्याची चाल आहे. माया म्हणून ती योग्य असेल, पण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली तर भरलेले पोट घातक ठरते. तेल चोळणे, बिब्बा लावणे, हळदीचा लेप देऊन वर करकचून पट्टी बांधणे, हेही नको. बर्फ मिळाल्यास फडक्यात गुंडाळून वीसेक मिनिटे ठेवावा.

आणि शेवटी जे मी केले नाही ते. बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर, दोन्ही वेळा, बोटांकडे पाहायचे. ती उबदार आहेत ना? रंग बरोबर आहे ना? हळूच स्पर्श केलेला कळतो का? थोडी हलवता येतात का? नख दाबून सोडावे; पांढरे पडलेले नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. हे दर दहा-पंधरा मिनिटांनी करायचे, कारण सूज वाढत असते आणि मघा बरोबर असलेली पट्टी आता घट्ट झालेली असते. बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली, मुंग्या आल्या किंवा वेदना वाढतच चालली, तर पट्टी तत्काळ सैल करावी. सैल केल्यानेही फरक पडला नाही तर ती खरी निकड समजून मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. रुग्ण ‘आवळतंय’ म्हणाला तर त्याला दम धरायला सांगू नये.

रस्त्यावरच्या अपघातात पुढे व्हायला लोक भितात ते पोलीस चौकशीच्या धास्तीने. त्यांच्या माहितीसाठी, मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून आखलेल्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले व २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आली. आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

या वर्षीच्या हिवाळी शिबिरात प्रात्यक्षिकासाठी ‘रुग्ण’ हवा होता. सुट्टी असल्याने माझा भाऊ माझ्याबरोबर आला होता. तो आपणहून बाकावर जाऊन बसला आणि उजवा हात पुढे केला. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने वार्षिक अंकाची पन्हळ केली, आत पंचा घातला, ओढणीच्या दोन पट्ट्या बांधल्या. दोन बोटे आत वळलेली पाहून ती थबकली व म्हणाली, “ही सरळ होत नाहीत का?” तो म्हणाला, “ती जुनी गोष्ट आहे, तुम्ही नख बघा.” तिने नख दाबले, सोडले, तोंडाने सेकंद मोजले. मग म्हणाली, “वरची पट्टी जरा घट्ट वाटते,” आणि कोणी न सांगता ती सोडून पुन्हा बांधली.